छापील नमुन्यांसाठी रिपोर्ट साधनाची निवड

व्यवसायाच्या संगणक प्रणालीतील माहिती बिल, पावती, चलन किंवा हिशेबपट्टी अशा ठरलेल्या नमुन्यात कागदावर उतरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे रिपोर्ट साधन. तक्ते आणि आलेख दाखवणे हेही याच साधनांचे काम असले, तरी नमुना छापताना कसोटी वेगळी लागते. तक्त्याची ओळ थोडी खाली सरकली तर काही बिघडत नाही. छापील चौकटीतील रक्कम सरकली तर तो कागद व्यवहारात चालत नाही. त्यामुळे ही निवड पडद्यावरील देखणेपणापेक्षा कागद, प्रिंटर आणि लिपी पाहून करावी लागते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबपट्टीचे उदाहरण घेता येईल. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि निव्वळ देणे हे सारे तीत एकाखाली एक येते. ही पट्टी दहा बाय बारा इंची सलग स्टेशनरीवर, म्हणजे पाने एकमेकांना जोडलेल्या अखंड कागदावर, छापायची असेल, तर इंचाला ६ ओळींप्रमाणे पानावर ७२ ओळी बसतात. साधनाने पानाची लांबी ए-फोर, म्हणजे २९७ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक पानागणिक छपाई सुमारे ८ मिलिमीटर वर सरकत जाते आणि काही पानांनंतर एकाची बेरीज दुसऱ्याच्या नावाखाली उमटते. कागदाचे माप स्वतः ठरवू देणारे साधन म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

सुयांच्या ठोक्यांनी ठिपके उमटवणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुना वाटला तरी कार्बन प्रती एकाच ठोक्यात काढतो, आणि वस्तूंच्या जीएसटी बिलाला ग्राहक, वाहतूकदार व विक्रेता अशा तीन प्रती लागतात. प्रिंटरच्या अंगच्या अक्षरांत मजकूर पाठवला तर छपाई झपाट्याने होते. देवनागरी मात्र बहुधा चित्ररूपाने जाते आणि वेळ घेते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना वजनपावतीला लागणारा हा वेळ गाडीवानांना भोवतो, म्हणून तेथे वेगाला प्राधान्य द्यावे हे योग्यच.

मराठी नमुन्यांत सर्वाधिक फसगत लिपीत होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत, ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठवला जातो व दाखवताना त्याच्या आधी आणावा लागतो. हा फेर न करणारे साधन ‘किसन’ छापताना वेलांटी ‘क’नंतर काढते, ती ‘स’ला लागल्यासारखी दिसते आणि नाव ‘कसिन’ असे वाचले जाते. जोडाक्षरेही पाय मोडून सुटी पडतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारे जास्पररिपोर्ट्स हे रिपोर्ट साधन मुक्तस्रोत व समर्थ आहे, परंतु त्याच्या दीर्घकाळ वापरात राहिलेल्या आवृत्त्या पीडीएफसाठी आयटेक्स्ट २.१.७ या पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअर घटकावर अवलंबून होत्या आणि त्यात ही अक्षरजुळणी नव्हती. शेतकऱ्याचे नाव त्याच्याच पट्टीवर चुकीचे छापणे ही किरकोळ बाब मानता येत नाही.

क्रिस्टल रिपोर्ट्स, जे आता एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये आणलेले एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस हे अन्य प्रचलित पर्याय होत. ब्राउझरमधून छापल्यास देवनागरी निर्दोष येते, मात्र लांब पट्टीची ‘मागील पानावरून पुढे’ ही बेरीज बसवणे जिकिरीचे जाते. चाचणीसाठी नेहमीचे सोपे बिल घेऊ नये. दोन पानांवर जाणारी पट्टी, सर्वांत लांब नाव आणि पेढीतलाच प्रिंटर घ्यावा.

नमुन्याची मांडणी प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये राहते की नाही, हेही पाहावे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा बिलांचे रकाने बदलावे लागले. मांडणी प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असेल, तर अशा वेळी प्रोग्रॅमच बदलावा लागतो. पुढे ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याची पद्धत, लागू झालेल्या व्यापाऱ्यांना बिलावर क्यूआर कोडही छापावा लागला. तो डॉट मॅट्रिक्सवर मोबाइलने वाचता येईल इतका स्वच्छ उमटतो का, हे त्याच स्टेशनरीवर छापून तपासावे लागते.