जहाजाचं मॉडेल करून घ्यायचंय? ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा

आमच्या सोलापूरच्या वर्कशॉपला आलात की सगळ्यात आधी आम्ही विचारणार, जहाज कुठल्या वर्षीचं पाहिजे. किती मोठं, किती पैसे, कधी मिळणार हे सगळं त्याच्यानंतर. बऱ्याच जणांना वाटतं नाव सांगितलं की झालं, पण एकच जहाज तीस-पस्तीस वर्षं चालतं आणि मधे मधे गोदीत जाऊन त्याचं इतकं काय काय बदलतं की पहिल्या वर्षीचा आणि शेवटच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळी जहाजं वाटावीत.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतनं शिकलो. बार्शीकडच्या एका घरातल्या मुलांनी वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी विक्रांत करायला दिली होती, जुनी विमानवाहू विक्रांत, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमधे आपल्या नौदलात दाखल झाली ती. वडील १९७१ च्या लढाईत तिच्यावर होते. आमच्याकडे जे स्वच्छ, जवळनं काढलेले फोटो होते त्यावरनं आम्ही तीन महिने राबून मॉडेल केलं आणि नेऊन दिलं. काकांनी बराच वेळ बघितलं, मग पुढच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, हे माझ्या टायमाला नव्हतं, आमची सी हॉक विमानं कॅटापुल्टनं, म्हणजे डेकवरच्या ढकलयंत्रानं, जायची. बरोबर होतं त्यांचं. विमानाला उडी मारून वर जाता यावं म्हणून पुढच्या बाजूला जो चढ असतो, स्की जंप म्हणतात तो, विक्रांतवर १९८० च्या दशकाच्या शेवटी सी हॅरिअर विमानांसाठी बसवला, आणि आमचे फोटो त्याच्यानंतरचे होते. मॉडेल परत आणलं, पुढचा सगळा डेक काढून नवीन केला, हॅरिअर काढून सी हॉक आणि अलिझे विमानं ठेवली, कॅटापुल्टची पट्टी घातली, अजून पाच आठवडे गेले, त्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा काकांनी नातवाला जवळ बोलवून आपण ड्यूटीला कुठं उभे राहायचो ते डेकवर दाखवलं. तेव्हापासनं वर्ष ठरल्याशिवाय आम्ही लाकडाला हात लावत नाही.

येताना काय आणायचं

घरातले फोटो, कितीही पुसट असले तरी, आणि फोटोच्या मागं काही लिहिलेलं असलं तर ते फार महत्त्वाचं. मागं तारीख नसेल तर फोटोतल्या गोष्टींवरनं आम्ही ती काढायचा प्रयत्न करतो, रडार कुठलं आहे, बाजूला रंगवलेला नंबर कसा आहे, डेकवर कुठलं विमान उभं आहे. मर्चंट नेव्हीवाल्यांनी सीडीसी, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, आणावी, तिच्यात जहाजाचं नाव आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात. आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, माहीत असेल तर अजून चांगलं, कारण मालवाहू जहाज विकलं गेलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो, रंग बदलतो, पण हा सात आकडी नंबर जन्मापासनं भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तुम्ही ज्या नावानं ओळखता त्या नावानं काहीच सापडत नाही आणि नंबर टाकला की आधीच्या मालकाच्या काळातले ढीगभर फोटो निघतात, असं आमच्या बाबतीत कितीतरी वेळा झालंय.

नकाशा म्हणजे नक्की काय

जहाजाचा आकार पेटीसारखा सरळ नसतो म्हणून लांबी-रुंदी-उंची सांगून भागत नाही. भोपळा आडवा ठेवून त्याच्या चकत्या केल्या आणि प्रत्येक चकतीची कड कागदावर गिरवली तर त्या कागदांवरनं तो भोपळा परत उभा करता येईल, तसंच हे. जहाजाच्या नकाशात रुंदीच्या दिशेनं कापलेल्या चकत्या, लांबीच्या दिशेनं कापलेल्या उभ्या चकत्या आणि पाण्याला समांतर चकत्या अशी तिन्ही चित्रं असतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागतात, एका चित्रात अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं की फळ्या बसवताना तिथं नेमका खड्डा नाहीतर फुगवटा येतो. त्यामुळं आम्ही पहिले काही आठवडे फक्त कागदावर असतो, ग्राहकाला वाटतं काम सुरूच नाही झालं, पण खरं काम तेच असतं.

आणि नकाशा मिळाला म्हणजे सुटलो असंही नसतं. जहाज बांधायच्या आधीचा नकाशा वेगळा आणि बांधून झाल्यावर जसं झालं तसा काढलेला वेगळा. दुसरा मिळाला तर सोनं. पहिलाच असेल तर फोटोशी ताडून बघावंच लागतं.

उदाहरण सांगतो, ट्रिंकमाली. ही आपल्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान लढाऊ नौका, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आज २०० वर्षं उलटून गेली तरी इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगत उभी आहे. तिचे नकाशे ज्या जावा नावाच्या जहाजातनं मुंबईला निघाले होते ते जहाज डिसेंबर १८१२ मधे ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकन युद्धनौकेनं लढाईत संपवलं, नकाशे गेले, आणि मुंबईतलं काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. कागद नाही तर जहाज नाही हे वाडियांच्या गोदीलासुद्धा चुकलं नाही. महाराष्ट्रात बांधलेलं आणि आज जाऊन हात लावता येईल असं एवढं जुनं जहाज म्हणून आम्हाला ते फार जवळचं वाटतं, आणि कुठलं करू असं कुणी आमच्यावर सोडलं तर आम्ही हेच सुचवतो.

मराठा आरमाराची जहाजं

शिवजयंतीच्या आधी मंडळांचे आणि शाळांचे सगळ्यात जास्त फोन याच्यासाठी येतात, म्हणून नीट लिहितो. गुराब आणि गलबत ही मराठा आरमाराची लढाऊ जहाजं आम्ही करतो आणि मनापासून करतो. पण आपले कोकणातले सुतार कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नव्हते, माप त्यांच्या डोळ्यात आणि हातात होतं, त्यामुळं ट्रिंकमालीसारखे तिन्ही बाजूंचे नकाशे समोर ठेवून गुराब करता येत नाही. वर तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मधे विजयदुर्गाला जळालं, म्हणजे मापं घ्यायला ती जहाजंही उरली नाहीत.

मग आमच्या हातात काय राहतं? रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं त्याच काळात लिहून ठेवलेलं वर्णन आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत, लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात कमी बुडणारी, पुढं गॅलीसारखी (युरोपातलं वल्ह्यांचं लढाऊ जहाज) लांब बाहेर आलेली नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि त्या नाळेवरनं सरळ समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, ४० ते ५० वल्ह्यांचं. शत्रूच्या नजरेनं लिहिलेलं आहे, पण ज्याला या जहाजांची भीती होती त्यानं ती नीट निरखली होती. याला जोड म्हणून कोकणातल्या जुन्या पद्धतीच्या होड्यांचा आकार, पठाण (तळाचा कणा) कसा, नाळ किती कललेली, परबाण (शिडाची आडवी काठी) डोलकाठीला कसा बांधतात, हे आम्ही तिथं जाऊन मोजून आणलंय. टनांवरनं आणि या आकारावरनं लांबी-रुंदीचा हिशोब बसवतो.

म्हणून प्रत्येक मॉडेलबरोबर आम्ही एक माहिती कागद देतो. कुठला भाग नकाशावरनं किंवा लेखी पुराव्यावरनं केला, कुठला फोटोवरनं आणि कुठला आमच्या अंदाजानं, हे तिन्ही त्याच्यात वेगवेगळं लिहिलेलं असतं. गुराबीच्या कागदात तिसरा भाग सगळ्यात लांब असतो आणि तो तसाच छापून मॉडेलशेजारी लावा अशी मंडळांना आमची विनंती आहे. दोन मजली तोफा, नाळेवर घोड्याचं तोंड, इंग्रजी जहाजासारखी उंच मागची बाजू असं करून द्या म्हणून आग्रह होतो, ते आम्ही करत नाही. महाराजांच्या आरमाराची जहाजं उथळ खाडीत शिरून वार करून परत येणारी होती, त्यांना इंग्रजी जहाजाचे कपडे घातले की नेमकी तीच हुशारी दिसेनाशी होते.

साइज आणि खर्च

१:३५० म्हणजे खऱ्या जहाजाच्या ३५० व्या हिश्श्याएवढं मॉडेल. जुनी विक्रांत साधारण २१३ मीटर, ती १:३५० मधे ६१ सेंटिमीटर होते, शोकेसमधे बसते. १:२०० मधे साडेतीन फूट. १:९६ मधे सव्वासात फूट, मग ती हॉलमधे ठेवायची की हॉल तिच्यात, असा विचार करावा लागतो, म्हणून घर मोजून या. शिडाच्या जहाजांना १:९६ किंवा १:४८ चांगलं दिसतं. १:४८ म्हणजे एक फुटाला पाव इंच, ट्रिंकमालीचा तोफांचा डेक १५० फुटांचा आहे तो साडेसदतीस इंच होतो, पुढची काठी आणि डोलकाठ्या त्याच्यावर वेगळ्या.

साइज दुप्पट केली तर पैसे दुप्पट होतील असं धरू नका. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट म्हणजे आकारमान आठपट, आणि मोठ्या मॉडेलमधे डोळ्याला जास्त दिसतं म्हणून बारकावेही जास्त करावे लागतात. उलट फार लहान करा म्हटलं तरी अडचण येते, १:३५० मधे माणूस पाच मिलिमीटरला जरा कमी भरतो आणि रेलिंगची तार केसाएवढी लागते.

शोधकामाचे पैसे आम्ही वेगळे आणि आधी घेतो. ते झाल्यावर तुम्हाला पुढं जायचं नसेल तर गोळा केलेले सगळे कागद, मापं, फोटो तुमचे, घेऊन जा.

लाकूड आणि दोरी

खरं जहाज सागवानाचं तर मॉडेलही सागवानाचंच करा असं म्हणणारे बरेच असतात. भावना समजते, पण सागवानाची रेघ आणि छिद्रं मोठी असतात. अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र १:९६ मधे खऱ्या जहाजावर जवळपास पाच सेंटिमीटरचं भोक झालं, असं फळीभर दिसलं तर जहाज किडल्यासारखं वाटेल. म्हणून आम्ही हळदू वापरतो, बारीक घट्ट दाण्याचं पिवळसर लाकूड, पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनी ज्या लाकडाच्या व्हायच्या त्यातलंच एक, आणि सोलापूरकरांना ते पुरवणारे जुने लोक अजून माहीत आहेत. लाकूड आणल्यावर एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा शेडमधेच पडून राहतं, मे महिन्यात ४२-४३ डिग्री सोसून जे सरळ राहिलं तेच कापायला घेतो.

दोरीबद्दल मात्र आम्हाला खरंच अभिमान आहे. शिडाच्या जहाजावर शेकडो दोऱ्या असतात, प्रत्येकीची जाडी वेगळी, आणि बाजारातला शिवणदोरा लावला की मॉडेल लगेच खेळण्यासारखं दिसतं. जुन्या इंग्रजी कागदात दोरीचं माप व्यासाचं नसतं, घेराचं असतं, ९ इंची दोरी म्हणजे घेर ९ इंच, व्यास तीन इंचाला जरा कमी, १:९६ मधे पाऊण मिलिमीटर. ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्या मॉडेलवरच्या दोऱ्या तिप्पट जाड होतात. पीळही बघावा लागतो, साधी तीनपदरी दोरी उजव्या पिळाची, आणि अशा तीन दोऱ्या एकत्र वळून केलेला नांगराचा जाड दोर डाव्या पिळाचा. आमचं वर्कशॉप पूर्व भागात जुन्या यंत्रमागाच्या शेडमधे आहे आणि आमच्याकडं ज्या अक्का दोरी वळतात त्यांनी आयुष्यभर कांड्या भरल्यात, सूत बोटातनं सोडलं की पीळ कमी आहे का जास्त ते त्यांना बघावं लागत नाही. छोटं दोरी वळायचं मशीन सूत एकत्र वळायच्या जुन्या डबलिंग मशीनच्या भागांतनं इथंच बनवलंय. सूती धाग्याला लव सुटते म्हणून हल्ली बऱ्याच दोऱ्या बारीक पॉलिस्टरच्या करतो, लव नसते आणि पावसाळ्यात ताण कमी-जास्त होत नाही.

घरी नेल्यावर

काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी घ्याच, उघडं मॉडेल आम्ही देत नाही. दोऱ्यांमधे बसलेली धूळ काढताना मॉडेलं मोडतात, दुसऱ्या कशानं एवढी मोडत नाहीत. पेटीला मागच्या बाजूला बारीक भोकं ठेवलेली असतात ती बुजवू नका, आणि पेटीचा तळ स्वस्त प्लायवूड किंवा एमडीएफचा दुसरीकडनं करून घेऊ नका, त्यातनं आणि गोंदातनं निघणारा आंबट वायू बंद पेटीत साचला की शिशाच्या तोफा-नांगरांवर पांढरी पावडर धरते आणि हळूहळू ते भाग झिजून जातात. उन्हात नको. आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको, दिवसभर ओली हवा आणि रात्री कोरडी असं दोन महिने झालं की फळ्यांचे सांधे उघडतात. एखादी दोरी सुटली तर फेव्हिक्विक लावू नका, फोटो पाठवा, आम्ही येतो.

गावाबाहेर मॉडेल कुरिअरनं पाठवत नाही. मुंबईचं असेल तर आमच्यातला एक जण सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं खोकं घेऊन रात्रभर बसून येतो, त्याचं तिकीट तेवढं तुमच्याकडं.

शिडाच्या जहाजाला सात-आठ महिने धरा, लोखंडी जहाजाला तीन ते पाच. शिवजयंतीला पाहिजे असेल तर आदल्या पावसाळ्यातच बोला, जानेवारीत आलात तर आम्हाला नाही म्हणावं लागतं आणि ते आम्हालाही जड जातं. फोटो आणताना मोबाइलवरनं काढलेली कॉपी नको, मूळ फोटोच आणा, तुमच्यासमोर स्कॅन करून तिथंच हातात परत देतो.