टीव्ही पडद्याची इंचस्पर्धा

टीव्ही पडद्याची इंचस्पर्धा : सपाट पॅनेलचे दूरचित्रवाणी संच अधिकाधिक मोठे करण्यासाठी जपानी, कोरियन आणि पुढे चिनी कंपन्यांमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चाललेली चढाओढ. वरवर पाहता ही पडद्यांची स्पर्धा दिसते, पण तिचे मूळ काचेच्या तावात आहे. कारखान्याला केवढा ताव हाताळता येतो आणि त्यातून वाया न घालवता किती पडदे कापता येतात, यावरून दुकानात कोणता आकार परवडणारा ठरणार हे पक्के होते. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर किंवा कॉलेज रोडवर टीव्ही बघायला गेलेल्या कुटुंबाला ‘पंचावन्नचा घ्या, पासष्टचाही फार लांब नाही’ असे ऐकू येते. ते आकडे तिथल्या विक्रेत्याने ठरवलेले नसतात आणि आपल्या डोळ्यांच्या गरजेवरूनही ठरलेले नसतात.

माप : टीव्हीचा आकार म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. भारतातल्या जाहिरातींत तो सेंटिमीटरमध्येही छापतात. ३२ इंची म्हणजे ८० सेंमी., ४३ इंची म्हणजे १०८ सेंमी. हा आकडा बराच फसवा आहे. १६:९ प्रमाणाचा ३२ इंची पडदा ७१ सेंमी. रुंद आणि ४० सेंमी. उंच असतो, तर ६५ इंची १४४ सेंमी. रुंद आणि ८१ सेंमी. उंच. आकडा जेमतेम दुप्पट होतो, पडदा चौपट. ५५ वरून ६५ वर जाताना दहाच इंच वाढल्यासारखे वाटते, पण बघण्याचे क्षेत्र सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले असते. काच, प्रकाश आणि वीज या तिन्ही गोष्टी कारखान्याला व घराला क्षेत्रफळाच्या हिशेबाने लागतात. त्यामुळे बत्तीस इंचांनंतरचा एक इंच जेवढा पडदा वाढवतो, त्याच्या तिप्पट शंभरानंतरचा एक इंच वाढवतो. स्पर्धा वर चढताना इतकी महाग का होत गेली, याचे निम्मे उत्तर या भूमितीत आहे.

नळीची मर्यादा : सपाट पडद्याआधीची पिक्चर ट्यूब मोठी होऊ शकली नाही, कारण तिच्या पोटात निर्वात पोकळी असते. २९ इंची नळीच्या तोंडावर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे अडीच टनांचा भरतो. तो पेलायला काच जाड हवी, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत कोपऱ्यांपर्यंत वळवायला नळी खोल हवी. सोनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ४३ इंची दृश्य पडद्याची नळी बनवली, तेव्हा संचाचे वजन सुमारे २०० किलो झाले. शटरच्या लाकडी कपाटातला टीव्ही किंवा नंतरचा २९ इंची ‘डबा’ ज्यांनी पंचवटीतल्या एखाद्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून दोघांच्या खांद्यावर वर चढवला असेल, त्यांना या वाक्यातला भार वेगळा सांगायला नको.

दोन वाटा : नळीला पर्याय म्हणून दोन तंत्रे पुढे आली. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी संगणकावरून शिकवण्याच्या यंत्रणेसाठी बनवला होता. दोन काचांमध्ये अगदी छोटे कप्पे, त्यांत निऑन-झेनॉनसारखे वायू. विजेने वायू पेटला की अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला रंगीत लेप उजळतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फुजित्सूच्या ४२ इंची पॅनेलमुळे तो घरातला टीव्ही होऊ शकला, अर्थात फार थोड्या घरांतला. दुसरी वाट एलसीडीची. आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने १९६८ मध्ये द्रवस्फटिकांचा पडदा दाखवला, शार्पने १९७३ मध्ये तो गणकयंत्रात बसवला आणि १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा करून दाखवला. एलसीडीत स्फटिक स्वतः उजळत नाहीत. ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात, आणि प्रत्येक बिंदूमागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. लाखो ट्रान्झिस्टरांपैकी एक बिघडला तरी पडद्यावर कायमचा ठिपका राहतो. म्हणून लहान पडदे एलसीडीचे आणि मोठे पडदे प्लाझ्माचे, अशी वाटणी कायम राहील असे बरीच वर्षे मानले जात होते.

जाता जाता एक खुलासा. आपण ज्याला सर्रास ‘एलईडी’ म्हणतो तो बहुतेक वेळा एलसीडीच असतो. पूर्वी त्याच्या पडद्यामागे पारा असलेल्या बारीक ट्यूबलाइट असत, त्यांची जागा एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांनी घेतली, एवढाच फरक.

विक्रमांची वर्षे : दर जानेवारीत अमेरिकेतल्या लास व्हेगासला भरणाऱ्या प्रदर्शनात ही चढाओढ जगाला दिसत असे. २००५ मध्ये सॅमसंगचा १०२ इंची प्लाझ्मा तिथे झळकला. पुढच्याच वर्षी पॅनासॉनिकने १०३ इंची आणला, नेमका एक इंच जास्त. त्याच २००६ मध्ये एलजी-फिलिप्सने १०० इंची एलसीडी जाहीर करून, मोठा पडदा म्हणजे प्लाझ्मा हा समज मोडला. २००७ मध्ये शार्पचा १०८ इंची एलसीडी आला. २००८ मध्ये पॅनासॉनिकने १५० इंची प्लाझ्मा उभा केला, म्हणजे क्षेत्रफळाने ५० इंची नऊ पडदे एकत्र. हे संच घरासाठी नव्हतेच. पण त्यांना निव्वळ मिरवणूक म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण ‘एवढी काच आम्ही एकसंध आणि निर्दोष बनवू शकतो’ याचा तो जाहीर पुरावा होता, आणि ऑर्डर देणाऱ्या कंपन्या तो पुरावा बघत होत्या.

काचेचा ताव : नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा एकेक करून छापत नाहीत. मोठ्या तावावर त्यांच्या ओळी छापल्या जातात आणि मग ताव कापला जातो. टीव्हीचे पॅनेलही तसेच बनते. काचेच्या मोठ्या तावावर ट्रान्झिस्टरांचे थर चढवायचे, रंगांच्या गाळणीचा दुसरा ताव त्यावर बसवायचा आणि नंतर तुकडे करायचे. तावावर प्रक्रिया करण्याचा खर्च त्याच्या आकाराच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून ताव जितका मोठा तितका दर पडद्यामागचा खर्च कमी. या तावांच्या आकारांना ‘पिढ्या’ म्हणतात. १९९० च्या आसपासच्या पहिल्या पिढीचा ताव साधारण ३० बाय ४० सेंमी. होता, घरातल्या चहाच्या ट्रेएवढा. २००४ मध्ये शार्पच्या कामेयामा कारखान्यात सहाव्या पिढीचा १.५ बाय १.८ मीटरचा ताव आला. २००६ मध्ये तिथेच आठवी पिढी, २.१६ बाय २.४६ मीटर. १०८ इंची विक्रमी पडदा याच तावाचा होता. एका तावातून एकच टीव्ही, बाकी काच वाया. २००९ मध्ये शार्पने ओसाकाजवळ साकाई येथे दहावी पिढी सुरू केली, २.८८ बाय ३.१३ मीटर. डिसेंबर २०१७ मध्ये चीनच्या बीओई कंपनीने हफे शहरात २.९४ बाय ३.३७ मीटरच्या तावावर उत्पादन सुरू केले. म्हणजे सिडकोतल्या एखाद्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षा क्षेत्रफळाने थोडी मोठीच एकसंध काच, आणि जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी! अशी काच ट्रकमधून दूर नेणे परवडत नाही. म्हणून काच बनवणाऱ्या कॉर्निंगने साकाई आणि हफे या दोन्ही ठिकाणी पॅनेलच्या कारखान्याला लागूनच आपला कारखाना उभारला.

आता कापणीचा हिशेब. साडेआठव्या पिढीच्या २.२ बाय २.५ मीटरच्या तावातून ५५ इंची सहा पडदे व्यवस्थित निघतात, पण ६५ इंची तीनच निघतात आणि बरीच काच फुकट जाते. हफेच्या तावातून मात्र ६५ इंची आठ किंवा ७५ इंची सहा पडदे जवळपास पूर्ण बसतात. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर कापडाचा पन्हा बदलला आणि मापे त्यापाठोपाठ बदलली. २०१८ नंतर ६५ आणि ७५ इंची संच झपाट्याने स्वस्त झाले त्यामागचे मोठे कारण हे आहे. ग्राहकांना एकाएकी मोठे पडदे हवेसे वाटू लागले, हा खुलासा मला अपुरा वाटतो.

जिंकणाऱ्यांचे काय झाले : कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. एकदा उभारला की तो चोवीस तास चालवावाच लागतो, आणि सगळ्यांनीच तसे केले की पॅनेलचे भाव कोसळतात. पायोनियरने २००९ मध्ये टीव्ही सोडून देण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या प्लाझ्माचा गडद काळा रंग सर्वोत्तम मानला जात होता. जगातला सर्वांत मोठा प्लाझ्मा बनवणाऱ्या पॅनासॉनिकने डिसेंबर २०१३ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवले. पाठोपाठ २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीही त्यातून बाहेर पडल्या. साकाईच्या भव्य कारखान्याच्या ओझ्याखाली वाकलेली शार्प २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनच्या ताब्यात गेली, आणि २०२४ मध्ये साकाईत टीव्हीच्या पॅनेलचे उत्पादन बंद झाले. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल बनवणे सोडले. मोठ्या एलसीडीचा धंदा आज मुख्यतः चिनी कंपन्यांच्या हाती आहे. २०२४ च्या लास व्हेगास प्रदर्शनात टीसीएलने ११५ इंची आणला आणि २०२५ मध्ये हायसेन्सने ११६ इंची. वीस वर्षांनी पुन्हा तोच एक इंच.

स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी पडद्याचा पाया कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये घातला. सोनीचा पहिला ओएलईडी टीव्ही २००७ मध्ये फक्त ११ इंचांचा होता. एलजीने २०२२ मध्ये ९७ इंचांपर्यंत मजल मारली. चित्राच्या दर्जात तो उजवा आहे, पण आकाराच्या शर्यतीत एलसीडी अजून पुढे आणि स्वस्त.

नाशिकच्या घरांत : भारतीय चित्रपटाचा पडदा उभा करणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांची हिंदुस्थान कंपनीही नाशिकचीच. मोठ्या पडद्याची ओढ इथे नवी नाही. टीव्हीची मोठी खरेदी दसरा-दिवाळीला होते. शिवाय निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांचा पैसा मार्च-एप्रिलमध्ये हाती येतो, त्याच सुमारास आयपीएल सुरू झालेले असते. किमतीत कराचाही वाटा राहिला. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे संचही १८ टक्क्यांत आले, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेच्याच दिवशी.

स्पर्धेची खरी अडचण मात्र दाराशी सुरू होते. ९८ इंची पडदा २१७ सेंमी. रुंद असतो, त्याचे खोके त्याहून मोठे, आणि ते आडवे निजवून न्यायचे नसते, कारण मधली पातळ काच स्वतःच्या वजनाने आणि हादऱ्याने तडकू शकते. साध्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. छोटा हत्ती टेम्पोतून उतरवलेले खोके चार माणसांनी उभे धरून जिन्याने चढवावे लागते, आणि जिन्याच्या वळणावर ते वळेल की नाही हे आधी टेप लावून पाहिलेले बरे. संच ५०-६० किलोंचा असतो, त्यामुळे चार इंची विटेच्या आतल्या भिंतीवर टांगण्याआधी भिंत तपासून घ्यावी. मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या किंवा सप्लायचे कार्ड जळले तर कारागीर दुरुस्त करून देतो. पॅनेल फुटले तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, आणि फुटलेली काच सहसा वॉरंटीत धरत नाहीत. मुलांची क्रिकेटची बॅट हॉलमध्ये असेल तर या एका वाक्याकडे जरूर लक्ष द्यावे.

किती मोठा पुरेसा? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखता येतो. सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर असेल तर ०.८ मिलिमीटरपेक्षा लहान बिंदू वेगळा दिसत नाही. फोर-के प्रतीच्या (आडव्या रेषेत ३,८४० बिंदूंच्या) ६५ इंची पडद्याचा बिंदू ०.३७ मिलिमीटरचा आणि ९८ इंचीचा ०.५६ मिलिमीटरचा असतो. दोन्ही त्या मर्यादेच्या आत. पडद्याने दृष्टीचा ३० अंशांचा कोन व्यापावा हा प्रचलित निकष लावला तर नऊ फुटांवरून ६५-६६ इंच येतात. यापुढे वाढ केली की पडद्याचा नव्हे, त्यावर येणाऱ्या चित्राचा कमीपणा उघडा पडतो. केबलच्या साध्या वाहिनीवर आडव्या रेषेत ७२० बिंदू असतात. तेच ताणून दोन मीटरवर पसरले की बातम्या सांगणाऱ्याचा चेहरा मेणासारखा दिसतो. अशा घरात आधी एचडी जोडणी घ्यावी आणि मग इंच वाढवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तावाशिवाय पडदा : गणेशोत्सवात मंडळे भाड्याने आणतात त्या एलईडी वॉलला काचेचा ताव लागतच नाही. प्रत्येक बिंदू म्हणजे स्वतंत्र दिवा, आणि दिव्यांच्या चौकोनी फरशा एकमेकींना जोडून पडदा हवा तेवढा वाढवता येतो. म्हणून तिचे माप इंचांत नसते. मांडववाले ‘बारा बाय आठ’ असे फुटांत सांगतात आणि सोबत ‘पिच’ विचारतात, म्हणजे दोन दिव्यांमधले अंतर. तीन मिलिमीटर पिचची भिंत जवळून ठिपक्यांची दिसते आणि डोळ्याच्या काटेकोर हिशेबाने सुमारे दहा मीटरांवरून एकसंध होते. याच तत्त्वावर सॅमसंगने २०१८ मध्ये १४६ इंचांची मायक्रोएलईडी भिंत दाखवली. तिचे पिच ०.८४ मिलिमीटर होते, म्हणजे साडेनऊ फुटांवरच्या सोफ्यावरून ठिपके दिसेनासे होतील एवढे.