मानवी पॅपिलोमा विषाणू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच मानवी पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) चिवट संसर्गातून उद्‌भवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८०,००० स्त्रिया दगावल्या. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो.

रोगाच्या मानाने विषाणू फारच सर्रास आढळतो. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याची बाधा होते. ना ताप, ना दुखणे. त्यामुळे कळतही नाही. दहापैकी सुमारे नऊ बाधा दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच मोडून काढते. म्हणून तपासणीत विषाणू सापडला याचा अर्थ कॅन्सर झाला असा होत नाही. नवराबायकोपैकी कुणाचे पाऊल वाकडे पडले असाही त्याचा अर्थ काढता येत नाही, कारण बाधा कैक वर्षांपूर्वीची असू शकते.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले काही फक्त चामखीळ आणतात. कर्करोगाशी निश्चित संबंध असलेले प्रकार डझनभर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखावर दोन तऱ्हेच्या पेशींचे अस्तर जिथे एकमेकांना भिडते, तो पट्टा या विषाणूला विशेष बळी पडतो. बारीकशा खरचटलेल्या जागेतून तो अस्तराच्या तळातील पेशींत शिरतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशीच्या बेसुमार वाढीला आवर घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिने निकामी करतात. संसर्ग टिकून राहिला तर पेशी हळूहळू बिघडत जातात आणि बहुधा १५ ते २० वर्षांनी कर्करोग होतो. एचआयव्हीबाधित स्त्रीवर उपचार चालू नसतील तर हा काळ बराच कमी होतो. तंबाखूनेही धोका वाढतो.

हा संबंध सहजासहजी मान्य झाला नाही. १९७० च्या दशकात संशय नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूवर होता. जर्मन विषाणुतज्ज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी पॅपिलोमा विषाणूचा पाठपुरावा केला आणि त्यांच्या गटाने १९८३ मध्ये रोगग्रस्त ऊतकात प्रकार १६ व पुढच्या वर्षी प्रकार १८ शोधून काढला. प्रयोगशाळांत १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या सुप्रसिद्ध हेला पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्याच. त्यांतही प्रकार १८ निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू आणि कर्करोग यांच्यामधली ही लांबलचक वर्षे म्हणजेच रोग अडवण्याची संधी. ती साधायची कशी, याचे एक महत्त्वाचे उत्तर मराठवाड्यातून आले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून मोठी चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटाची विषाणूसाठी चाचणी झाली. दुसऱ्याची पॅप तपासणी, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात पांढरा चट्टा उठतो का ते पाहायचे. पद्धत स्वस्त, आणि निकाल जागच्या जागी. चौथ्या गटाला फक्त आरोग्यशिक्षण आणि नेहमीच्या सोयी.

विषाणू-चाचणीच्या गटात दर दहा स्त्रियांत साधारण एकीला बाधा निघाली. पुढची तपासणी तेवढ्यांचीच करावी लागली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा या गटात ३४ मृत्यू होते, तुलनेच्या, म्हणजे चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी लक्षणीय घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी आम्ल लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, म्हणून ती पद्धत अगदीच मोडीत काढता येत नाही. उस्मानाबादच्या चाचणीवर नैतिक आक्षेपही आले: चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले? जिल्ह्यात तपासणीची सोयच नव्हती, हे उत्तर खरे असले तरी पॅप तपासणीचा उपयोग तेव्हाही सर्वज्ञात होता.

तपासणीत बिघाड सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा तारेच्या फासाने कापून काढतात. पिशवी जागेवर राहते. हे सांगायलाच हवे, कारण 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' ही भीती महाराष्ट्रात अनेकींना घातली गेली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खऱ्या तपासणीची स्थिती याच्या अगदी उलट: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, घाण वासाचा स्राव या तक्रारी 'वयानुसार असं होतंच' म्हणून सोडून दिल्या जातात आणि रोग बळावतो.

विषाणूच्या रिकाम्या कवचापासून बनवलेली लस २००६ पासून उपलब्ध आहे. एकच मात्रा पुरते का, याचा मोठा पुरावा भारतात जवळजवळ अपघाताने मिळाला. २००९ मध्ये दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली; बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रे. दरम्यान तत्कालीन आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने या लसीच्या चाचण्यांतले सगळेच लसीकरण थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर त्रुटी निघाल्या. त्यामुळे मात्रांच्या तुलनेतल्या हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांना १६ व १८ च्या टिकाऊ संसर्गापासून मिळालेले संरक्षण तीन मात्रांच्या तोडीचे, ९५ टक्क्यांच्या आसपास, दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लसीला मंजुरी मिळाली.

लस मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी द्यायची असते. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही आणि सगळ्या प्रकारांपासून संरक्षणही देत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी लागते.