लपलेल्या ट्रान्समीटरचा माग

वॉकीटॉकीचं बटण गाडीच्या सीटखाली दाबलेलंच राहिलं, तर शहराचा अख्खा रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र, ठप्प होऊ शकतं. ज्याच्यामुळे हे घडतं त्याला पत्ताच नसतो, कारण त्याचा संच सतत प्रक्षेपण करत असल्याने त्याला कुणाचं काही ऐकू येत नाही. मग बाकीचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, अँटेना घेऊन बाहेर पडतात. हाच शोध खेळ म्हणूनही खेळला जातो. त्याला फॉक्स हंटिंग म्हणतात. जंगलात पाच ट्रान्समीटर लपवलेले असतात, प्रत्येक ट्रान्समीटर आळीपाळीने एकेक मिनिट मोर्समध्ये आपली खूण पाठवतो आणि स्पर्धक नकाशा घेऊन धावत सुटतात. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये पोलंडमध्ये झाली.

नवख्या माणसाचा समज असतो की संदेश जिकडून जोरात येतो तिकडे जायचं, एवढंच. अनुभवी शिकारी मात्र संदेश कमकुवत कसा होईल हे पाहत असतो. त्याची जवळपास सगळी हुकमत यातच आहे.

आधी अँटेना. दोन मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी, स्टीलच्या मेजरिंग टेपची तीन घटकांची यागी, म्हणजे एकाच दिशेने जास्त ऐकणारा अँटेना, जगभरचे हॅम घरीच बनवतात. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर ७ सेंटिमीटर भरते, तिची निम्मी सुमारे १०३ सेंटिमीटर. मागचा परावर्तक याहून किंचित लांब, १०५ सेंटिमीटर. पुढचा दिग्दर्शक आखूड, ८९ सेंटिमीटर. मधला घटक ४५-४५ सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांचा, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट. परावर्तक त्याच्या २० सेंटिमीटर मागे, दिग्दर्शक सुमारे ३२ सेंटिमीटर पुढे. दांड्याला पीव्हीसी पाइप, सांध्यांना त्याचेच क्रॉस आणि टी, आणि टेप आवळायला होज क्लॅम्प.

मधल्या दोन तुकड्यांची टोकं पॉलिश पेपरने नीट घासा. टेपवरचा रंग पूर्ण निघून स्टील चकाकेपर्यंत सोल्डर धरतच नाही. एका तुकड्याला कोॲक्स केबलची मधली तार, दुसऱ्याला जाळी. दोन्ही तुकड्यांना जोडणारा १३ सेंटिमीटर तारेचा यू आकाराचा आकडाही तिथेच लावायचा. मधला घटक मुद्दाम थोडा आखूड ठेवलेला असतो, आणि हा आकडा त्याचा मेळ ५० ओमच्या केबलशी घालतो. टेप वाकते आणि सोडली की सरळ होते, त्यामुळे काटेरी झुडपांतूनही हा अँटेना सुखरूप बाहेर येतो.

वॉकीटॉकीचा संदेश बहुधा उभ्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी उभ्या दिशेत कंप पावतात, म्हणून टेप उभ्या धरायच्या. स्वतःभोवती सावकाश फिरा आणि संचावरचा संदेशाची ताकद दाखवणारा मीटर पाहा. कानावर भरवसा नको: एफएम रिसीव्हर संदेशाची ताकद बदलली तरी बोलण्याचा आवाज सारखाच ठेवतो. अँटेना नेमक्या दिशेपासून थोडा ढळला तरी मीटर हलत नाही. लूप अँटेनात, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या अँटेनात, हे आकड्यांत दिसतं. कमाल दिशेपासून १० अंश फिरलात तर व्होल्टेज जेमतेम दीड टक्का घटतं; पण संदेश नाहीसा होतो त्या शून्य दिशेपासून तेवढेच १० अंश फिरलात तर ते शून्यावरून कमालीच्या १७ टक्क्यांवर उडी घेतं. म्हणून दिशा पक्की करताना कमाल सोडून किमान शोधायची. या यागीची पाठ चांगलीच बहिरी असते. ती ट्रान्समीटरकडे करून मीटर पडतो का, हे पाहायची सवय लावून घ्या.

मिळालेली दिशा होकायंत्राने नकाशावर आखा. मग बाजूला लांब जाऊन दुसरी रेषा घ्या, दोन्ही रेषा शक्यतो काटकोनाच्या आसपास छेदतील अशी. पाच अंशांची चूक दोन किलोमीटरवर १७५ मीटरचा फरक पाडते, तेव्हा तिसरी रेषाही हवीच. घाटात आणि उंच इमारतींमध्ये कड्याभिंतींवरून परतलेला संदेशच मूळ संदेशापेक्षा जोरकस येऊ शकतो. अशा वेळी मोकळ्या उंचवट्यावर घेतलेलं एक वाचन दरीतल्या चार वाचनांना भारी पडतं. आणि शोध रिपीटर अडवणाऱ्याचा असेल तर संच रिपीटरच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे तो ज्यावर ऐकतो तिच्यावर, लावा. तो ज्यावर पाठवतो ती आउटपुट फ्रिक्वेन्सी ऐकत गेलात तर रिपीटरच्याच टॉवरखाली पोहोचाल.

खरी गंमत शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये. संदेश एवढा तगडा होतो की अँटेना कुठेही वळवा, मीटर शेवटाला चिकटलेलाच. आता येणारा संदेश मुद्दाम कमकुवत करायचा. संच ५-१० किलोहर्ट्झ बाजूला सरकवून पाहा. दोन पट्ट्यांचा संच असेल तर तिप्पट फ्रिक्वेन्सी ऐका: १४५ च्या ट्रान्समीटरची क्षीण तिसरी गुणित लहर (हार्मोनिक) ४३५ मेगाहर्ट्झवर जवळून सापडते. तेही जोरात वाटू लागलं की यागी बाजूला ठेवा, संचाचा अँटेना काढा आणि संच छातीशी घट्ट धरून जागेवरच फिरा. शरीर लहरी अडवतं. मीटर सर्वांत खाली जाईल तेव्हा ट्रान्समीटर बरोबर तुमच्या पाठीमागे असेल.

भारतात हे संच वापरायला हॅम परवाना लागतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची परीक्षा देऊन तो मिळवता येतो. तोवर यागी बांधायला घ्यायला हरकत नाही. टेप, पाइप आणि क्लॅम्प कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.