केबिन क्रूचे थकलेले भत्ते: दावा कुठे करायचा, कधीपर्यंत आणि कोणत्या कागदावर

युनियनच्या ऑफिसात परत आलेल्या अर्जांची एक फाइल आहे. ती चाळली की एक गोष्ट लगेच दिसते: पैसे मुळात देणंच नव्हते म्हणून फेटाळलेले अर्ज त्यात फार थोडे आहेत. बाकीचे चुकीच्या कार्यालयात गेले, मुदत चुकली किंवा आकड्यामागे कागद नव्हता म्हणून परत आले. म्हणून ही माहिती त्या अडणाऱ्या जागांबद्दलच आहे. नाव, पत्ता, कर्मचारी क्रमांक कुठे भरायचा हे फॉर्मवर लिहिलेलं असतं.

सगळ्यात आधी कार्यालय. मुंबईत बसणारा क्रू बहुतेक वेळा बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जातो. ते राज्य सरकारचं कार्यालय आहे. विमान वाहतूक सेवेसाठी कायद्याने केंद्र सरकार हे 'समुचित सरकार', म्हणजे ज्याच्या अखत्यारीत हे वाद येतात ते सरकार आहे, त्यामुळे एअरलाइनविरुद्धचा वेतनाचा दावा केंद्रीय कामगार यंत्रणेकडेच जातो. मुंबईत ती सायनच्या श्रम रक्षा भवनात बसते. घरबसल्या भरायचं असेल तर केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांचं 'समाधान' पोर्टल आहे. राज्याच्या खिडकीवर अर्ज दिला तर तो घेतला जातो, शिक्का मारून पोच मिळते, तुम्ही निश्चिंत होता, आणि काही महिन्यांनी 'सदर बाब या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही' असं दोन ओळींचं पत्र येतं. खिडकीवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी विचारून थकले.

पैसा कुठल्या कागदातला?

फॉर्म हातात घेण्याआधी प्रत्येक रकमेसमोर एकच गोष्ट लिहा: ही रक्कम मला कोणत्या कागदाने देऊ केली आहे? नेमणूकपत्राने, कंपनीच्या भत्ता धोरणाने, युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात झालेल्या कराराने, की थेट कायद्याने? पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. कागदच सापडत नसेल, म्हणजे 'दुसऱ्या एअरलाइनमध्ये देतात, आपल्याकडेही द्यायला हवा' असं असेल, तर तो दावा नाही, ती मागणी आहे. मागणी युनियनने वाटाघाटीत आणि समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) न्यायची असते. प्रवाशांना विमानात चढवण्या-उतरवण्याच्या वेळेचे पैसे मिळावेत ही मागणी अगदी रास्त आहे, पण ती वेतनाच्या दाव्यात घुसडली की त्या अर्जातल्या खऱ्या थकबाकीकडेही अधिकारी संशयाने बघतो.

कागद सापडला की पुढचा पेच म्हणजे तो भत्ता 'वेतन' आहे का. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या वेतनाच्या व्याख्येत आधी मूळ वेतन, महागाई भत्ता वगैरे धरलं आहे आणि मग वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. ती यादी वाचून पुष्कळ जण हाय खातात, कारण घरभाडं, वाहतूक भत्ता, ओव्हरटाइम, करारानुसार मिळणारी रक्कम, कमिशन सगळं त्यात दिसतं. खाली मात्र एक परंतुक, म्हणजे त्या यादीला अपवाद करणारी ओळ आहे आणि ते वाचायचं राहून जातं: वेतन अदा करण्याच्या प्रश्नापुरती वाहतूक भत्ता, घरभाडं, निवाड्याने किंवा करारानुसार देय रक्कम आणि ओव्हरटाइम ही चारही वेतनातच धरायची. म्हणजे ओव्हरटाइम आणि करारातला जादा दर मागता येतो.

बाहेर राहतं ते कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चापोटी दिलेले पैसे आणि कमिशन. लेओव्हरचा (दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामाचा) जेवणखाणाचा भत्ता आणि विमानातल्या विक्रीवरचं कमिशन इथे अडकतं. फ्लाइंग अलाउन्सचं, म्हणजे उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचं, नाव घेऊन कायद्यात काहीच म्हटलेलं नाही, म्हणून कंपनीचा वकील तो 'खास खर्च' असल्याचं सांगणार हे धरूनच चला. त्याला उत्तर तुमच्याच पे स्लिपमध्ये असतं. तासागणिक दर, ठरावीक तासांनंतर वाढणारा दर, बिलं मागितली जात नाहीत: हा खर्चाचा परतावा नाही, कामाचा मोबदला आहे. हे तीन वाक्यांत अर्जातच लिहा, सुनावणीची वाट पाहू नका. आणि लेओव्हर, कमिशन यांचा हिशेब वेगळ्या तक्त्यात ठेवा, म्हणजे ते गळलं तरी बाकीचं उभं राहील.

मुदती दोन आहेत

'तीन वर्षं आहेत ना' असं म्हणत बसलेले आणि 'वर्ष झालं, आता काय' म्हणून सोडून दिलेले, दोन्ही प्रकार मी पाहिले. दोघांनीही अर्धंच ऐकलेलं असतं.

वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा उद्भवल्यापासून ३ वर्षांत अर्ज करता येतो. सबळ कारण दिलं तर त्यानंतरही ऐकला जाऊ शकतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ५९ खाली करार किंवा निवाड्यानुसार देय झालेली रक्कम वसूल करून मागायची असेल तर मुदत १ वर्षाची. उशिराचं कारण पटलं तर तिथेही सवड आहे, पण त्यावर विसंबू नका. युनियनच्या करारातल्या जादा दराची थकबाकी असेल तर वर्षाच्या आत कलम ५९ चा अर्ज करणं शहाणपणाचं. वर्ष उलटलं असेल तर वर सांगितलेल्या परंतुकाचा आधार घेऊन कलम ४५ खाली बाजू मांडता येते. घरी बसू नका.

मुदत प्रत्येक महिन्याच्या पगाराची वेगळी मोजली जाते. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. मार्चचा भत्ता ७ एप्रिलपर्यंत आला नाही की मार्चचं घड्याळ सुरू झालं. एचआरशी चाललेल्या ईमेलच्या देवाणघेवाणीने ते थांबत नाही. 'आम्ही बघतोय' या उत्तरावर आमच्या एका सभासदाने चौदा महिने काढले.

जुन्या थकबाकीसाठी एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ आधीची रक्कम वेगळ्या पानावर, तारखांसह दाखवा. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यात मुदत १२ महिन्यांची होती आणि महिना २४,००० रुपयांवर पगार असलेल्यांना ते दार बंद होतं. नव्या संहितेत ती पगारमर्यादा नाही. तरीही 'तुमचा पगार २४ हजारांच्या वर आहे, बसत नाही' असं अजून सांगितलं जातं, कधी एचआरकडून, कधी चक्क सरकारी कार्यालयात. त्यांना शांतपणे कलम दाखवा.

हुद्द्याचीही अशीच गंमत आहे. वेतन संहितेत 'कर्मचारी' म्हटलं आहे आणि त्यात पर्यवेक्षकही येतात. औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' लागतो आणि महिना १८,००० रुपयांवर पगार घेऊन पर्यवेक्षकाचं काम करणारा त्यात येत नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'केबिन सुपरवायझर' लिहिलं म्हणून कोणी पर्यवेक्षक ठरत नाही, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. पण कलम ५९ च्या अर्जात आपण गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) काय करतो, सेवा कोण देतं, उड्डाणाआधी दरवाजे कोण आर्म करतं (आपत्कालीन घसरगुंडी सज्ज ठेवतं) हे लिहिलं नाही तर कंपनीची पहिली हरकत हीच येते.

जो कागद कोणाकडेच नसतो

नेमणूकपत्र सगळ्यांकडे असतं. त्यात 'भत्ते कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार' एवढं वाक्य असतं. ते धोरण, म्हणजे दरांचं परिशिष्ट, कंपनीच्या आतल्या पोर्टलवर असतं, नवं आलं की जुनं निघून जातं, आणि राजीनामा दिला की तुमचं लॉगिन बंद होतं. दाव्याच्या काळात कोणता दर लागू होता हे सांगणारा कागदच हाती नाही! जे अजून नोकरीत आहेत त्यांनी आजच आपली पे स्लिप, आपलं प्रत्यक्ष उडालेलं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि भत्त्याचं परिपत्रक तारखेसह उतरवून ठेवावं. फक्त आपलंच. प्रवाशांच्या याद्या किंवा सहकाऱ्यांची माहिती त्यात आली तर कंपनी पगाराचं सोडून तुमच्यावरच कारवाई सुरू करते. स्क्रीनशॉटमध्ये दुसऱ्यांची नावं असतील तर झाकून टाका.

लॉगिन गेलं असेल तर उरलेल्या खुणा गोळा करा: बँकेचं स्टेटमेंट, पासपोर्टवरचे शिक्के, क्रू कॅबच्या पिकअपचे मेसेज, स्टँडबायवरून (बोलावलं तर यायच्या ड्युटीवरून) बोलावल्याच्या कॉलची नोंद. अर्जातच विनंती करा की कंपनीने रोस्टर, हजेरीपट आणि वेतनाची नोंदवही हजर करावी. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ नुसार मालकावर आहे. हे कलम ५९ वेतन संहितेतलं. औद्योगिक संबंध संहितेतलंही नेमकं ५९ च असल्यामुळे अर्जात संहितेचं नाव लिहिल्याशिवाय नुसतं 'कलम ५९' लिहू नका. अर्थात भार त्यांच्यावर असला तरी तुम्ही उडालात, इतके तास उडालात, हे आधी तुम्हालाच दिसेल असं मांडावं लागतं.

मांडताना दोन चुका हमखास होतात. पहिली तारखेची. पुष्कळ रोस्टर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. १५ ऑगस्टला पहाटे ३:३० ला रिपोर्ट केलंत तर रोस्टरवर १४ ऑगस्ट, २२:०० दिसतं. क्रू सुट्टीचा जादा दर मागतो, कंपनी १४ तारखेचा कागद पुढे करते, अर्ज खोटा वाटतो. उलटही होतं: १६ ऑगस्टला रात्री १२:४० चं उड्डाण कागदावर १५ ऑगस्ट, १९:१० असतं आणि कोणी भाबडेपणाने त्याचा जादा दर मागतो. तक्त्यात दोन रकाने ठेवा, यूटीसी आणि भारतीय वेळ, आणि तुमच्या धोरणात दिवस कोणत्या वेळेने मोजायचा हे लिहिलं असेल तर ती ओळ उद्धृत करा.

दुसरी चूक मिनिटांची. ७२ तास ५० मिनिटं हे एक्सेलमध्ये ७२.५० लिहिलं की ते साडेबहात्तर तास होतात. वीस मिनिटं गेली. तासाला ६०० रुपये दर धरला तर महिन्याला २०० रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा एकही आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. बरोबर आकडा ७२.८३.

'अंदाजे दीड लाख' असं लिहिलेला अर्ज परत येतोच. महिना, तास, देय दर, मिळालेली रक्कम, फरक, अशा ओळी हव्यात. नुकसानभरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत मिळू शकते हे खरं, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. थेट दहापट रक्कम दाव्यात घालू नका. मूळ रक्कम वेगळी आणि 'योग्य वाटेल ती नुकसानभरपाई' ही विनंती वेगळी.

युनियनमार्फत अर्ज

नोंदणीकृत युनियन आपल्या सभासदासाठी दावा करू शकते आणि अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो. एकट्याने नाव पुढे करायची भीती असणाऱ्यांसाठी हाच मार्ग बरा. लागतं काय: युनियनचं नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्याला अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव, प्रत्येकाचं सहीचं अधिकारपत्र आणि सभासद असल्याचा पुरावा. अडतं ते शेवटच्यावर. वर्गणी थकलेली असते, पावती कोणी जपलेली नसते, आणि समोरचा वकील पहिल्या तारखेला तेवढंच विचारतो. दावा करायचा म्हणून घाईने भरलेल्या वर्गणीची पावती मागची तारीख टाकून मागू नका. मी देत नाही.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी एक. राजीनाम्यानंतरचं देणं दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं, असं संहिता सांगते. एचआर पंचेचाळीस दिवस सांगतं, जणू तो निसर्गनियमच. 'फुल अँड फायनल, आता काही येणं नाही' या कागदावर सही झाली म्हणून हातपाय गाळू नका. संहितेखालचं वेतन सोडून देणारा करार कलम ६० नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तरी सही करताना 'हक्क राखून' एवढं हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

दाव्याचा निकाल ३ महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. 'प्रयत्न' या शब्दावर सगळी भिस्त आहे, तेव्हा तारखा पडतील हे गृहीत धरा, मात्र आपण एकही चुकवू नका. आदेशाविरुद्ध अपील ९० दिवसांत. कंपनीने आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

कंपनीच बसली तर मात्र सगळी वाट बदलते. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल होऊन स्थगिती लागली की कामगार अधिकाऱ्यापुढचा दावा पुढे सरकत नाही. तेव्हा रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (त्या प्रक्रियेत कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाकडे) फॉर्म डी भरायचा, अनेकांच्या वतीने एकच प्रतिनिधी भरत असेल तर फॉर्म ई. पुढे कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याच्या प्रक्रियेत, गेली तर अक्षरं एकेक घर सरकतात: एकट्यासाठी ई, प्रतिनिधीसाठी एफ. आणि दावा पुन्हा नव्याने द्यावा लागतो का हे त्या वेळच्या जाहीर सूचनेत बघायचं. पहिल्या सूचनेतली मुदत जेमतेम चौदा दिवसांची असते. दावा त्या सूचनेत छापलेल्या ईमेल पत्त्यावरच पाठवा. जुन्या एचआरच्या मेलवर पाठवलेला कागद कोणी उघडत नाही, आणि तो दावा म्हणून धरलाही जात नाही.