इस्ट्रोजेन आधी पिट्युटरीला दाबतं, मग तेच तिला मोकाट सोडतं

'हार्मोन बॅलन्स करा' म्हणत पावडर विकणाऱ्या रील्स हल्ली इतक्या येतात की लोकांना वाटायला लागलंय हार्मोन म्हणजे आमटीतलं मीठ, जरा कमीजास्त झालं की बिघडलं. अहो, बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन महिनाभर एका पातळीवर नसतंच, आणि ते सतत बदलतं म्हणूनच तर पाळीचं चक्र फिरतं. मग ही पावडर नेमक्या कुठल्या दिवसाची पातळी बॅलन्स करते, हे विचारा ना त्यांना.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ही ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन सोडते, त्यांच्यामुळे ओव्हरीत फॉलिकल, म्हणजे बीज असलेली छोटी पिशवी, वाढतं आणि ते इस्ट्रोजेन बनवतं. हे इस्ट्रोजेन रक्तातून वर मेंदूत आणि पिट्युटरीत जाऊन सांगतं, बास, आता कमी सोड. पाळी कायमची गेली की एफएसएच खूप वाढतं ते यामुळेच, दाबणारं कुणी उरत नाही.

आता खरी कमाल. फॉलिकल पुरेसं मोठं झालं की इस्ट्रोजेन एका मिलीलिटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर जातं आणि तिथे जवळपास दोन दिवस टिकलं की तेच इस्ट्रोजेन उलटं वागतं, पिट्युटरीतून एलएचचा लोंढा सुटतो आणि सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. नुसती पातळी गाठून भागत नाही, ती टिकावी लागते.

हे ठरवतं कोण, मेंदू की पिट्युटरी? अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७० च्या दशकात ऱ्हिसस माकडिणींवर यासाठी जबरदस्त प्रयोग केले. मेंदूतून पिट्युटरीला हुकूम देणारं जीएनआरएच हे हार्मोन त्यांनी बंद पाडलं आणि पंपाने तासाला एकदा, सहा मिनिटं, बाहेरून दिलं. एलएच परत आलं! तेच जीएनआरएच सलग दिलं तर एलएच खाली बसलं. आणि त्याहून भारी म्हणजे पंपाचा ठेका जराही न बदलता माकडिणींचं बीज वेळेवर सुटलं, म्हणजे इस्ट्रोजेन थेट पिट्युटरीवरच काम करत होतं. त्याच्या प्रभावाखाली पिट्युटरीच्या पेशी एलएच साठवत राहतात, वर जीएनआरएचचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, वाढवतात, मग नेहमीच्याच ठोक्याला प्रचंड उत्तर मिळतं. उंदरांत मात्र मेंदूही जोर लावतो, तिथे जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर नसतो, म्हणून किसपेप्टिन नावाचं निरोप्या प्रोटीन बनवणाऱ्या शेजारच्या पेशी इस्ट्रोजेन ओळखून निरोप पुढे देतात.

माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या एलएचचा हाच लोंढा अडवतात. त्यात ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल (कृत्रिम इस्ट्रोजेन) आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) असतं, इस्ट्रोजेन असूनही लोंढा येत नाही कारण लेव्होनॉरजेस्ट्रेल तो येऊ देत नाही. पाकिटातल्या २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या. त्या ७ दिवसांत पिट्युटरीवरचा दाब सुटतो, एफएसएच वाढतं, फॉलिकल हळूहळू वाढायला लागतं. म्हणून मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा नवीन पाकीट उशिरा सुरू करणं जास्त धोक्याचं, आणि नेमकं हेच बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं.