2 चा 127 वा घात उणे 1 : यंत्राविना सिद्ध झालेली 39 अंकी मूळ संख्या

फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी 1644 मध्ये असे विधान केले की 257 पर्यंतच्या घातांपैकी 2, 3, 5, 7, 13, 17, 19, 31, 67, 127 आणि 257 हेच घात घेऊन 2 च्या त्या घातातून 1 वजा केल्यास मूळ संख्या मिळते. या यादीत 67 आणि 257 चुकून आले होते, तर 61, 89 आणि 107 सुटले होते; 127 मात्र बरोबर होता, पण ते सिद्ध व्हायला 1876 साल उजाडावे लागले.

गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये 31 व्या घाताची संख्या मूळ असल्याचे दाखवले ते संभाव्य भाजक एकेक करून तपासून. 127 व्या घाताच्या, म्हणजे 170141183460469231731687303715884105727 या संख्येपुढे ती वाट बंद होते, कारण संभाव्य भाजकांना 254 ने भागल्यास बाकी 1 उरलीच पाहिजे, ही चाळणी लावूनही उरणारे भाजक एका आयुष्यात संपणारे नाहीत. 1876 मध्ये ती मूळ असल्याचे सिद्ध करणारे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांचे मोठेपण असे, की त्यांनी भाजक शोधणेच सोडून दिले आणि वेगळी कसोटी शोधली.

त्यांच्या कसोटीला गणितज्ञ डी. एच. लेमर यांनी 1930 मध्ये आजचे सुटसुटीत रूप दिले. 4 पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून 2 वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातापेक्षा दोनने कमी वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तर आणि तरच संख्या मूळ असते. 7 व्या घाताच्या 127 साठी 4, 14, 67, 42, 111 आणि 0 अशी साखळी येते. यातला 67 कसा आला ते पाहण्यासारखे आहे : 14 च्या वर्गातून 2 गेले की 194 उरतात, म्हणजे 128 अधिक 66, आणि 127 ने भागताना 128 ची बाकी 1 असल्यामुळे 66 मध्ये 1 मिळवला की काम झाले, भागाकार करावाच लागत नाही. फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत अशी संख्या सलग 1 या अंकांनीच लिहिली जाते, त्याचा हा थेट लाभ आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. त्याच्याच बळावर ल्युका यांनी 127 बाय 127 घरांच्या पटावर प्यादी सरकवून ही आकडेमोड करण्याची रीत वर्णिली.

पुढची 75 वर्षे हीच ज्ञात मूळ संख्यांतली सर्वांत मोठी राहिली. 1951 मध्ये फेरिए यांनी यांत्रिक गणनयंत्रावर 44 अंकी संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी गाठलेली 79 अंकी संख्या तर ल्युकांच्या संख्येच्या वर्गाची 180 पट करून त्यात 1 मिळवून बनलेली होती. भागाकार टाळण्याच्या त्याच गुणामुळे 2015 मध्ये मांडलेल्या फोरक्यू या, माहिती गुप्त ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कूटलेखन वक्राचे गणितही याच संख्येवर उभारले आहे.

2, 3, 7, 127 आणि ही संख्या, अशी प्रत्येक पद पुढच्याचा घात होणारी मूळ संख्यांची साखळी गणितज्ञ कातालान यांच्या लक्षात आली होती. तिचे पुढचे पद मूळ आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही : त्यातल्या अंकांची नुसती संख्याच 38 अंकी असल्यामुळे तिथे ल्युकांची कसोटीही चालवता येत नाही.